नाक ठरलं, शेंडी राहिली: दिशा-बंधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली झेरॉक्सचं दुकान, वर माडीवर चार संगणक. आमच्याकडे रविवारी बाजार असतो. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी बापासंगं येतात आणि बापाचा बाजार होईपर्यंत माडीवर ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, शिकतात. सध्या सगळे मिळून एकच दृश्य करतो आहोत, शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं. बैलांची एक जोडी, छकडा, तो हाकणारा धुरकरी, दोन्ही बाजूंना गर्दी, मागे पळसाच्या झाडावर बसलेला पिंगळा, म्हणजे लहान घुबड. यांच्यापैकी बऱ्याच पोरांनी लहानपणी पट पाहिलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती थांबवल्या आणि महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्यामुळेच असेल, पण दृश्यासाठी हौस मोठी आहे.

प्रश्न पोरांच्या बोलीत जसे आले तसेच ठेवले आहेत. उत्तरं थोडी पुस्तकी झाली आहेत, ती चालवून घ्या.

सर, हे दिशा-बंधन म्हन्जे नेमकं काय अस्ते?

वस्तूला कोन सांगायचा नाही, कोणाकडे पाहायचं ते सांगायचं. कोन ती स्वतः काढते, प्रत्येक फ्रेमला नव्याने.

पटाच्या कडेला चाळीस माणसं उभी आहेत आणि जोडी सुटली. चाळीस मुंडकी डावीकडून उजवीकडे वळली पाहिजेत. हाताने करायचं तर प्रत्येक मुंडक्याला तीन-चार कीफ्रेम (या फ्रेमला हा कोन, अशा नोंदी) लागतील. सगळं झाल्यावर कोणीतरी म्हणणार, बैल जरा जोरात पळव. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा छकड्यावर एक एम्प्टी ठेवा. एम्प्टी म्हणजे रेंडरमध्ये (तयार चित्रात) न दिसणारी नुसती खूण. चाळीसही मुंडक्यांना सांगा, हिच्याकडे पाहा. आता जोडी कशीही पळवा, माना आपसूक वळतील.

इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या, पुढचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघतात. मान तीन तऱ्हांनी वळते: डावी-उजवी, वर-खाली, आणि कान खांद्याकडे कलवून. 'तिकडे पाहा' म्हटलं की पहिल्या दोन ठरतात, तिसरी मोकळीच राहते. माझ्या टेबलावर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल असतो, पाठीत अगरबत्तीची काडी उभी खोचलेली. त्याचं नाक दाराकडे करा. आता नाक दाराकडेच ठेवून त्याला कुशीवर पाडा, मग उताणा करा. नाक अजूनही दाराकडेच आहे, पण असा बैल घेऊन दारोदार फिरलात तर बोजारा (पोळ्याची ओवाळणी) कोणी देणार नाही. म्हणजे नुसत्या नाकाने भागत नाही, शेंडी कुठे तेही सांगावं लागतं. आम्ही माडीवर हेच दोन शब्द वापरतो. 'ट्रॅक ॲक्सिस' म्हणजे नाक आणि 'अप' म्हणजे शेंडी.

मंग पॅरेंट आन् याच्यात फरक कोन्ता?

पॅरेंट केलेली वस्तू म्हणजे बंडीतलं (बैलगाडीतलं) पोतं. बंडी जाईल तिकडे जातं, वळेल तसं वळतं, कलंडली तर पडतं. दिशा-बंधन लावलेली वस्तू म्हणजे शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) उभा राहून त्या बंडीकडे पाहणारा माणूस. तो जागचा हलत नाही, नजर तेवढी बंडीसोबत जाते.

ट्रॅक टू, डॅम्प्ड ट्रॅक, लॉक्ड ट्रॅक. तीन-तीन कायले?

दिशा-बंधनाच्या या तीन प्रकारांचं नाकाबद्दल भांडण नाही. शेंडीचं काय करायचं, याची ही तीन उत्तरं आहेत.

ट्रॅक टू म्हणतं, शेंडी आकाशाकडे. नाक कुठेही वळो, डोक्याची वरची बाजू शक्य तितकी वरच राहणार. कॅमेऱ्याला हे बरोबर बसतं, कारण क्षितिज तिरकं झालेलं कोणालाच आवडत नाही. त्यात 'टार्गेट झेड' नावाची एक चौकट आहे. तिथे खूण केली की आकाशाऐवजी लक्ष्याचा झेड अक्ष 'वर' मानला जातो. ती चौकट पुढे लागणार आहे.

डॅम्प्ड ट्रॅक शेंडीची फिकीर करत नाही. वस्तू आत्ता जशी आहे तिथून नाक लक्ष्यावर न्यायला कमीत कमी किती वळावं लागेल, तेवढंच तो वळवतो. डोळे, माना, हाडं (आकृती हलवायला आत घातलेल्या सांगाड्याची), कान, शेपटी, सगळ्यांना हाच चांगला. नावाला मात्र फसू नका. 'डॅम्प्ड' आहे म्हणून नजर हळूहळू पोचेल असं पोरांना वाटतं. तसं काही होत नाही, लक्ष्य हललं की हाही त्याच फ्रेमला हलतो.

लॉक्ड ट्रॅकमध्ये एक अक्ष खिळलेला असतो आणि वस्तू त्याच्याभोवतीच फिरते. शेतातलं बुजगावणं घ्या, बांबूवर मडकं आणि जुना सदरा. त्याला रानडुकराकडे वळवायचं तर ते बांबूभोवती गोल फिरेल, पण डुक्कर तुरीत शिरलं म्हणून वाकून पाहणार नाही. दाराची फळी, वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा हे त्याच जातीचे. एका दांड्यावर सूर्यामागे कलणारी सौरपट्टीही तशीच. तिचा दांडा उत्तर-दक्षिण असतो आणि ती पूर्वेकडून पश्चिमेकडे कलते. सूर्य दक्षिणेला सरकला तरी तिला तिकडे मान वळवता येत नाही.

माझं मत विचाराल तर कॅमेऱ्याला ट्रॅक टू लावा, खिळा किंवा बिजागरी असेल तिथे लॉक्ड ट्रॅक, आणि बाकी सगळीकडे डोळे मिटून डॅम्प्ड ट्रॅक. नवशिकी पोरं सगळ्यालाच ट्रॅक टू लावतात आणि मग पुढचे दोन प्रश्न घेऊन येतात.

कॅमेऱ्याले पटाकडे पाहाले सांगतलं त तो आभायाकडे पाह्यते. काहून?

नाक चुकलं आहे. ब्लेंडरला चेहरा ओळखता येत नाही, त्याला फक्त एक्स, वाय, झेड कळतं. यांतला कोणता अक्ष नाक आहे, ते तुम्ही सांगायचं असतं.

ब्लेंडरचा कॅमेरा स्वतःच्या उणे झेडकडे पाहतो आणि त्याची शेंडी वायवर असते. स्पॉट, सन आणि एरिया हे दिवेही उणे झेडकडेच उजेड टाकतात. हाडाचा वाय मुळापासून टोकाकडे जातो, म्हणून हाडाला बहुतेक वेळा वाय द्यावा लागतो. आपण घडवलेल्या बैलाचं नाक मात्र आपण ठेवू तिथे. समोरचा व्ह्यू लावून घडवला असेल तर त्याचं तोंड उणे वायकडे आणि शेंडी झेडकडे येते. घडवताना तिरका ठेवला असेल तर त्याचे अक्षही तिरके राहतात. आधी रोटेशन अप्लाय करून ते सरळ करून घ्या.

अंदाज बांधत बसू नका. ऑब्जेक्टच्या पानावर व्ह्यूपोर्ट डिस्प्लेमध्ये 'ॲक्सेस' अशी चौकट आहे. तिथे खूण केली की वस्तूवर तिन्ही अक्ष दिसतात. हाडांसाठी तीच चौकट आर्मेचरच्या (सांगाड्याच्या) पानावर मिळते. आणि ट्रॅक टूमध्ये नाक आणि शेंडी दोन्ही एकाच अक्षावर दिलीत तर तो काम करणंच सोडतो. ते बरोबरच आहे, नाकावर शेंडी कोणाला असते?

वर्गातल्या एका मुलीने उणे वायऐवजी नुसता वाय दिला आणि तिची जोडी अख्खा पट शेपूट पुढे करून धावली. ती फाईल आम्ही जपून ठेवली आहे. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

मधातच कॅमेरा गरकन् पलटते. हा म्हन्ते फाईलमंदी व्हायरस हाय.

व्हायरस नाही. हे समजायला मे महिन्यातलं आपलं अंगण पुरेसं आहे.

नागपूरचं अक्षांश २१ अंशांच्या किंचित वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य आपल्याकडे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैमध्ये. त्या माध्यान्हीला रोवलेल्या काठीची सावली पडत नाही. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैत बहुतेक वेळा ढग असतात, म्हणून पाहायचं तर मेमध्येच, डोक्याला दुपट्टा बांधून.

आता समजा, त्या दिवशी अंगणात कॅमेरा मांडला, ट्रॅक टू लावला आणि लक्ष्य दिलं सूर्याचं. सकाळी कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला, शेंडी वर. सूर्य चढतो तशी मान मागे कलत जाते. माध्यान्हीला नाक सरळ आकाशात. आणि आपण तर सांगून ठेवलं आहे की शेंडीही आकाशाकडेच हवी! एका जागेवर दोघं कसे मावतील? क्षणभराने सूर्य पश्चिमेकडे झुकतो. तोंड पूर्वेलाच ठेवून आणखी मागे वाकलं तर शेंडी जमिनीकडे जाईल. ते चालणार नाही म्हणून कॅमेरा जागच्या जागी अर्धी गिरकी घेऊन पश्चिमेला तोंड करतो. एकाच फ्रेममध्ये. तुमचं 'गरकन्' ते हेच. तो मूर्खपणा करत नाही, सांगितलेलं इमानदारीने ऐकतो.

अकरावी-बारावीच्या पोरांसाठी तेच गणितात सांगतो. कॅमेऱ्यापासून लक्ष्यापर्यंतचा सदिश म्हणजे नाक. नाक आणि आकाश यांचा सदिश गुणाकार केला की दोघांनाही काटकोनात असलेली बाजू मिळते, म्हणजे उजवा हात. मग उजवा हात आणि नाक यांचा सदिश गुणाकार केला की खरी शेंडी मिळते. पण एकाच रेषेतल्या दोन सदिशांचा सदिश गुणाकार शून्य असतो. नाक आकाशाला टेकलं की उजवा हातच नाहीसा होतो, आणि त्या बिंदूच्या पलीकडे तो उलट बाजूला उगवतो.

यावर एका पोराने विचारलं होतं, आकाशाऐवजी दुसरी एखादी दिशा शेंडीसाठी धरली तर? एखादा असा नियम शोधला की जो कुठेच पलटणार नाही? प्रश्न फार चांगला होता. उत्तर आहे, नाही सापडणार, कोणालाच नाही. बैलबाजारात घेणारा माणूस जनावराच्या अंगावरचे भोवरे पाहतो, कपाळावर कुठे, पाठीवर कुठे. कोणता शुभ, कोणता अशुभ हे त्याचं शास्त्र त्याच्यापाशी. गणितातही भोवऱ्याचा एक सिद्धांत आहे: सगळीकडून केस असलेला चेंडू घेतला आणि सगळे केस चापूनचोपून विंचरायला गेलात, तर कुठेतरी एक भोवरा राहणारच. पॉइंकारे यांनी हे १८८५ मध्ये गोलासाठी दाखवलं, ब्रौवर यांनी १९१२ मध्ये आणखी पुढे नेलं. नाक ज्या ज्या दिशेला जाऊ शकतं त्या सगळ्या दिशा मिळून एक चेंडू होतो, आणि प्रत्येक दिशेला शेंडी म्हणजे त्या चेंडूवरचा एक केस. म्हणून शेंडीचा कोणताही नियम करा, भोवरा सुटत नाही. ट्रॅक टूचे भोवरे थेट वर आणि थेट खाली असतात. डॅम्प्ड ट्रॅकचा भोवरा बरोबर पाठीमागे असतो, १८० अंशांवर, जिथे डावीकडून वळलं काय आणि उजवीकडून वळलं काय, अंतर सारखंच.

तेव्हा भोवरा काढायच्या मागे लागू नका, आपलं नाक जाणार नाही अशा जागी तो सरकवा. कॅमेरा जोडीच्या अगदी डोक्यावरून नेण्याऐवजी दोन हात बाजूने न्या, पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण फार जवळून नेलात तर पलटी गेली तरी गिरकी उरते, हे लक्षात असू द्या. ड्रोनसारखं सरळ खालीच पाहायचं असेल तर 'टार्गेट झेड' लावा आणि एम्प्टी अशी आडवी करा की तिचा झेड पटाच्या लांबीकडे जाईल. आता शेंडी आकाशाकडे नाही, पट संपतो त्या टोकाकडे आहे, आणि खाली पाहणं एकदम सोपं झालं.

पलटीचा एक तोतयाही आहे. बंधन बरोबर असतं, पण बेक केल्यावर (बंधनाने दिलेलं वळण कीफ्रेममध्ये उतरवल्यावर) एका कीफ्रेमला १७९ अंश आणि पुढच्या कीफ्रेमला उणे १७९ अंश येतात. खरं अंतर दोनच अंशांचं, पण मधल्या फ्रेम लांबच्या रस्त्याने जातात. ग्राफ एडिटरमधला युलर फिल्टर हे दुरुस्त करतो. किंवा रोटेशन क्वाटर्नियनमध्ये (तीन कोनांऐवजी चार आकड्यांत) ठेवा. हॅमिल्टन यांना ती कल्पना १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचली आणि त्यांनी सूत्र पुलाच्या दगडावर कोरलं. ॲनिमेशनवाल्यांच्या हाती ती नीट आली १९८५ मध्ये, केन शूमेक यांच्या शोधनिबंधाने. जवळपास दीडशे वर्षं ती आपली वाट पाहत होती म्हणा ना.

एन दाबलं त रोटेशन शून्यच दाखवते. पन बैल त वयलेला दिस्ते!

दोन्ही खरं आहे. एन दाबल्यावर उघडणाऱ्या पट्टीत दिसतं ते वस्तूचं स्वतःचं रोटेशन, बंधन त्याच्यावर चढतं. बंधन काढलं की बैल जिथल्या तिथे परत. वळलेली स्थितीच कायम करायची असेल तर बंधन काढायच्या आधी 'अप्लाय व्हिज्युअल ट्रान्सफॉर्म' करा.

दोन बैल एकमेकायकडे पाह्यले पाह्यजे, त ब्लेंडर बोंबलते.

एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्याकडे, दुसऱ्याचं पहिल्याच्या डोक्याकडे. आधी कोणाचं काढायचं, हे ब्लेंडरला ठरवता येत नाही. त्याला डिपेन्डन्सी सायकल म्हणतात. आपल्याकडे एका दाखल्यासाठी दुसरा दाखला आणि त्या दुसऱ्यासाठी पहिला मागतात, तसंच. तोड सोपी आहे. दोघांनी एकमेकांच्या डोक्याकडे न पाहता, एकमेकांच्या धडाला बांधलेल्या एम्प्टीकडे पाहायचं. धड मानेवर अवलंबून नाही, फेरा तुटला. लक्ष्य चुकून पाहणाऱ्याच्याच अंगाला पॅरेंट झालं तरी हीच बोंब होते.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक कसा कराचा?

दिशा-बंधनाचं सगळ्यात समाधान देणारं काम हेच. पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

जॅकचे दोन भाग: बाहेरचं सिलिंडर आणि आत-बाहेर होणारा दांडा. सिलिंडरचं बूड चासीला खिळलेलं, दांड्याचं टोक ट्रॉलीच्या तळाला. ट्रॉली उचलली की दोघांचा कोन बदलतो, पण दोघं नेहमी एका रेषेत राहतात. म्हणून सिलिंडर चासीला पॅरेंट करा आणि त्याचं मूळबिंदू बरोबर खिळ्यावर ठेवा. दांडा ट्रॉलीला पॅरेंट करा, त्याचं मूळबिंदू त्याच्या खिळ्यावर. दोन एम्प्टी घ्या: एक ट्रॉलीच्या खिळ्यावर, ट्रॉलीला पॅरेंट केलेली, दुसरी चासीच्या खिळ्यावर, चासीला पॅरेंट केलेली. सिलिंडरला डॅम्प्ड ट्रॅक पहिल्या एम्प्टीकडे, दांड्याला दुसरीकडे. झालं. आता ट्रॉलीला एकच कोन द्या, दांडा सिलिंडरमधून आपोआप बाहेर येतो. लांबीबद्दल आपण काहीच सांगितलं नव्हतं. दोन्ही खिळे पक्के आणि दोन्ही नाकं समोरासमोर, त्यामुळे लांबी आपोआप जमते.

हातपंपाचा दट्ट्या, सायकलचं पायडल आणि माणसाची पोटरी यांतही हीच युक्ती थोड्याफार फरकाने चालते. कासऱ्यासारखी ताणली जाणारी दोरी हवी असेल तर 'स्ट्रेच टू' वापरा. ते दिशाही देतं आणि लांबवतंही.

डोये तिरये होतात.

दोन्ही डोळ्यांना एकच एम्प्टी दिली आहे आणि ती नाकाजवळ आली आहे. माणसाचेही होतात, बोट नाकाशी आणून पाहा. उपाय असा: दोन एम्प्टी, प्रत्येक डोळ्यासमोर एक, आणि त्या दोघी एका मोठ्या एम्प्टीला पॅरेंट. हलवायची ती मोठी.

बैलाचे डोये बरोबर लावले, तरी बैल पाह्यते असं वाटत नाई.

कारण बैल आपल्यासारखा पाहत नाही. त्याचे डोळे बाजूंना असतात, जवळजवळ ३३० अंश त्याला मान न वळवता दिसतं. धुरकऱ्याच्या हातातली तुतारी (बैल हाकायची काठी) त्याला पळतानाही दिसत असते. म्हणून बुबुळं समोरच्या लक्ष्यावर रोखलीत तर बैल कार्टूनमधल्या माणसासारखा दिसतो. बैलाचं लक्ष कुठे आहे ते कानांवरून कळतं. कानांच्या हाडांना डॅम्प्ड ट्रॅक लावा, मानेला थोडा कमी जोराचा, डोळ्यांना जवळपास काहीच नाही. गोठ्यात जाऊन दहा मिनिटं बसा. मी पोरांना हा गृहपाठ देतो आणि घरचे म्हणतात, कसला हा कॉम्प्युटर क्लास!

माना वयतात, पन सगये रोबोटवानी वाटतात.

बंधन शंभर टक्के लावलं की नजर लक्ष्याला फेव्हिकॉलने चिकटवल्यासारखी दिसते. माणूस असा नसतो.

पहिली गोष्ट, वळण वाटून द्या. प्रत्येक बंधनाला 'इन्फ्लुएन्स' असतो, शून्य ते एक. छातीला ०.१५, मानेला ०.४, डोक्याला ०.८ आणि डोळ्यांना पूर्ण एक. हे आकडे माझ्या सवयीचे आहेत, शास्त्र नाही.

दुसरी, आधी डोळे जातात, मग डोकं, मग खांदे. डोळ्यांची एम्प्टी वेगळी ठेवा आणि ती डोक्याच्या एम्प्टीपेक्षा दोन-चार फ्रेम आधी हलवा. दोघींची चाल तीच, फक्त सरकवलेली. आणखी एक बारकावा. डोळे एका स्थिर गोष्टीवरून दुसऱ्या स्थिर गोष्टीवर जाताना घरंगळत जात नाहीत, उडी मारतात. घरंगळतात ते फक्त चालत्या गोष्टीचा माग काढताना. तेव्हा जोडीकडे पाहणारी नजर सलग, पण जोडीवरून शेजाऱ्याकडे वळणारी नजर झटक्यात.

तिसरी, चाळीसपैकी पाच जणांना पटाकडे पाहूच देऊ नका. कोणी पानाला चुना लावतो आहे, कोणी मोबाईलमध्ये आहे. गर्दी लगेच खरी वाटते.

आंधी जोडीकडे पाहाचं, मंग पंचाकडे. दोन बंधनं लावू?

लावता येतात. बंधनं वरून खाली या क्रमाने चालतात, खालच्याचा इन्फ्लुएन्स शून्यावरून एकवर नेला की नजर पंचाकडे जाते. पण मी एकच बंधन आणि एकच एम्प्टी ठेवतो आणि ती एम्प्टीच जोडीवरून पंचाकडे नेतो. चार महिन्यांनी फाईल उघडली तरी कळतं की काय केलं होतं. ती नेताना डोक्याच्या जवळून जाऊ देऊ नका. लक्ष्य जितकं जवळ, तितकी मान जोरात फिरते. बाहेरून वळसा घालून न्या.

माया, मॅक्समंदी हेच अस्ते का?

माया आणि थ्रीडीएस मॅक्स ही ब्लेंडरसारखीच दुसरी सॉफ्टवेअरं. तेच असतं, नावं वेगळी. मायामध्ये 'एम कन्स्ट्रेंट', तिथे नाक आपोआप एक्सवर आणि शेंडी वायवर धरलेली असते. शेंडीसाठी 'वर्ल्ड अप' नावाखाली चार-पाच पर्याय मिळतात, दुसरी एखादी वस्तूही शेंडी म्हणून देता येते. थ्रीडीएस मॅक्समध्ये 'लुक ॲट'. 'डायरेक्शन कन्स्ट्रेंट' हे नाव सॉफ्टइमेजचं. माँट्रियलमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर शेवटी ऑटोडेस्ककडे गेलं आणि त्यांनी २०१४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर गेलं, पण ते नाव मला सगळ्यात नेमकं वाटतं, म्हणून इथे 'दिशा-बंधन' म्हटलं आहे. फक्त जगाचा 'वर' तपासा: माया वायला वर मानतं, ब्लेंडर आणि मॅक्स झेडला.

गेममंदी नेलं त माना वयतच नाई.

बंधन ही त्या त्या सॉफ्टवेअरच्या घरातली बोली आहे, फाईलमधून बाहेर जात नाही. पाठवण्याआधी 'बेक ॲक्शन' करा, 'व्हिज्युअल कीईंग'वर खूण करून. प्रत्येक फ्रेमची कीफ्रेम तयार होते. मूळ फाईल वेगळी ठेवा, बेक झालेली परत सुधारायला बसलात तर रात्र जाईल. गेम चालू असताना नजर वळायला हवी असेल तर इंजिनातच, म्हणजे युनिटी किंवा गोडोसारख्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्येच, बंधन लावावं लागतं. युनिटीमध्ये नाक अधिक झेडवर असतं, गोडोमध्ये उणे झेडवर. पुन्हा लाकडी बैल हातात घ्या.

लॅपटॉप जुना हाय. अन् लाईन कवा जाईन त सांगता येत नाई.

दिशा-बंधनाला जोर लागत नाही, ग्राफिक्स कार्डाला लागतो. ब्लेंडर ४.० पासून विंडोज आणि लिनक्सवर ओपनजीएल ४.३ लागतं. मशीन त्याच्या खालचं असेल तर जुनी आवृत्ती उतरवून घ्या. ही तिन्ही बंधनं २.७९ मध्येही आहेत, पानाची मांडणी तेवढी वेगळी दिसेल. लाईनसाठी ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर करून ठेवा आणि दर वीस मिनिटांनी नव्या नावाने सेव्ह करा. आमचा यूपीएस पाच मिनिटं टिकतो, त्यातली तीन तो नुसता किंचाळतो.

पिंगळ्याची मान पाठीमांगं गेली का गपकन् दुसऱ्या बाजूनं येते. भेव वाटते पाहून.

घुबडांच्या जातीला डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत, म्हणून ती अख्खी मान वळवतात, २७० अंशांपर्यंत. तेव्हा पिंगळ्याच्या डोळ्यांना बंधन लावूच नका, सगळं डोक्याच्या हाडाला लावा.

गपकन् येतं ते मघाचा भोवरा पाठीमागे असल्यामुळे. डॅम्प्ड ट्रॅक नेहमी जवळचा रस्ता घेतो, म्हणून १८० च्या पुढे तो जातच नाही, दुसऱ्या बाजूने येतो. छकडा पिंगळ्याच्या मागून जाणार असेल तर दोन वाटा आहेत. डोक्याच्या हाडाला डॅम्प्ड ट्रॅकच्या खाली 'लिमिट रोटेशन' लावा, लोकल स्पेसमध्ये, दोन्हीकडे १५० अंशांवर. मान तिथे थांबेल. तरी छकडा बरोबर पाठीमागून गेला की ती एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारेल. त्या चार-सहा फ्रेमपुरता इन्फ्लुएन्स उतरवा आणि वळण हाताने द्या. किंवा तेवढ्या भागात बंधन पूर्ण बंद करून २७० अंश हातानेच फिरवा. खरा पिंगळाही मान पुरेनाशी झाली की झटक्यात उलट बाजूने फिरवतो, तेव्हा चार फ्रेमचा झटका चालेल. एका फ्रेमचा नाही.